पुरं नऊ वार

आई, मी नववीत होते तेव्हा बाईंनी इंग्रजीतले दहा वाक्प्रचार दिले होते, घरून अर्थ लिहून आणायला. त्यातला एक मी तुला विचारला. 'द होल नाइन यार्ड्स'. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. शब्दाला शब्द लावून मी सांगितलं, अख्खे नऊ वार. तू मान वर न करता म्हणालीस, "त्यात काय अवघड हाय? लुगडं की! आठ वारात काष्टा बसत न्हाय, धा झालं तर पायात येतंय. नऊ म्हंजे कसं, पुरं. काय कमी न्हाय." मी वहीत लिहिलं, लुगडं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी घरी येऊन दप्तर आपटलं आणि तुझ्यावरच तोंड टाकलं, "तुला काय कळतंय इंग्रजीतलं? कशाला मधी बोलतीस?" गल्लीत कुणाचं ऐकून न घेणारी तू, त्या दिवशी "चुकलं बाई माझं" एवढंच म्हणालीस. त्यानंतर मी अभ्यासाला बसले की तू म्हस धुवायला निघून जायचीस. मला तेव्हा बरंच वाटायचं, आता काय सांगू.

तू जाऊन पंधरा वर्षं झाली. मी इथंच कोल्हापुरात त्याच इंग्रजीवर पोट भरते. त्या वाक्प्रचाराचा अर्थ आहे, काहीही न वगळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं. हे नऊ वार मुळात कशाचे, ते साहेबांच्या देशातही कुणाला नक्की सांगता येत नाही म्हणे. पण अर्थ तू सांगितला होतास की गं! पुरं, काय कमी न्हाय. मीच मेलीनं निम्मं ऐकलं आणि लुगडं तेवढं लिहिलं. चूक माझी आणि बोलणी तू खाल्लीस. हे तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. आता वहीत लिहायचं आणि वहीतच ठेवायचं.

आज वर्गात तोच वाक्प्रचार आला. मी पोरींना तुझ्याच शब्दांत समजावला, आठ वार, दहा वार, काष्ट्यासकट. पोरी हसल्या, पण कळून हसल्या. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, लय भारी! कुणी सांगितलं तुम्हाला?" तू अगदी ओठावर आली होतीस, आई. मी म्हणाले, "कुठंतरी वाचलंय."