सुजेच्या गोळ्या

प्रिय ताई,

तुझ्या खांद्याच्या ऑपरेशननंतर तुझा पोहण्याचा वर्ग मी घेऊ लागले, तरी मुलं रोज तुझंच नाव काढायची. माझा जळफळाट व्हायचा.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "सुजेच्या गोळ्या सध्या नकोत. शिवलेला टेंडन आधी हाडाला जुळू दे, त्या गोळ्यांनी ते अडतं." तू दुखण्याने कळवळून गोळी मागितलीस, आणि मी डॉक्टरांचं बोलणं न सांगता सुजेचीच दिली. रोज दिली. "किती करतेस गं माझं," तू म्हणालीस.

टेंडन पुन्हा सुटला. गोळ्यांमुळेच, असं नक्की सांगता येत नाही म्हणे. पण देताना माझ्या मनात तेच होतं.

आता वर्ग माझाच आहे. हे पत्र मी तुला देणार नाही. दिलं तर तू माफ करशील, आणि तुझ्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटेल.

तुझीच,
धाकटी