आजींनी काढलेला मोडेमचा आवाज

ती. आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या खरंच घेतात, की नुसतं ‘घेतल्या’ म्हणतात?

परवा फोनवर तू विचारलंस, ‘मोडेम म्हणजे काय गं?’ आणि मी म्हणाले, ‘जाऊ दे, तुला नाही कळायचं.’ आता सांगते. कॉम्प्युटरचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून जाईल अशा आवाजात बदलणारा तो डबा. त्यावर छप्पन्न केबीपीएसचा वेग लिहिलेला असतो, पण तेवढा क्वचितच मिळतो. दोन मोडेम आधी किरकिर करत एकमेकांना जोखतात, आणि एकाला जेवढं झेपतं तेवढ्याच वेगाने दुसरा बोलतो.

काल एका आजींचं इंटरनेट लागेना, म्हणून त्यांनी आमच्या ऑफिसात फोन केला. मी विचारलं, ‘डब्यातून आवाज कसा येतो?’ तर त्यांनी तो तोंडानेच काढून दाखवला. टुंई, टुंई, खर्रर्र! मी गुपचूप स्पीकर चालू केला आणि ‘पुन्हा काढा’ म्हणाले. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मीसुद्धा.

आजींना तिकडे नुसता गोंगाट ऐकू गेला. ‘नीट ऐकू येत नाही का, बाळा? थांब हं,’ म्हणत त्यांनी तोच आवाज आणखी जोरात, अगदी जीव तोडून काढला. मग कुणीच हसलं नाही. इंटरनेट कसं लावायचं ते सांगून झालं, तेव्हा म्हणाल्या, ‘माझ्यामुळे तुला फार त्रास झाला गं.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं, आई.

वर लिहिलेलं कळलं नसेल तर रविवारी फोनवर विचार. कितीही वेळा विचार.

तुझी,
धाकटी