गावंडेनंतर घाटोळ

२ फेब्रु., सोम.
ट्रेनिंगचे देवधर सर: "घाटोळ, छोटा प्रोग्राम लिही. नावांची यादी, पुढे परीक्षेचे मार्क. साठच्या खालचे काढून टाक." अख्ख्या बॅचमधून मलाच! खोट्या पाच नावांवर चालवून दिला. खरे मार्क सरांकडेच. मंदी आहे. खराडीच्या आमच्या इमारतीचा एक मजला रिकामा झालाय, दिवे मात्र चालू असतात.

४ फेब्रु., बुध.
कायम होणाऱ्यांची यादी लागली. मी आहे, पल्लवी गावंडे नाही. गेलेल्यांना मार्क सांगितले, तिला ५४. यवतमाळपासून बरोबर आहोत, कर्वेनगरला एकाच खोलीत. "एकीचं तं झालं न वं," म्हणाली. रडले मीच.
सर: "राहिलात म्हणून पेढे वाटत सुटू नका."
आईचा फोन. "कायम झाली न आता?" हो म्हटलं.

५ फेब्रु., गुरु.
पेपर परत मिळाले. माझे ५७. दोनदा बेरीज केली, ५७च. मग मी यादीत कशी? सरांना दया आली? छे! प. बॅग भरत होती. पेपर उशीखाली सारला.

६ फेब्रु., शुक्र.
प. सकाळच्या गाडीने गेली.
सापडलं. चूक माझीच. यादीतून एक नाव काढलं की मागची सगळी एकेक जागा पुढे सरकतात. माझा प्रोग्राम मात्र तसाच पुढच्या जागेवर जातो, मधलं नाव बघितलंच जात नाही. गावंडे गेली, तिच्या जागेवर घाटोळ सरकली आणि सुटली. खोट्या नावांत दोन नापास शेजारी ठेवलेच नव्हते मी, शहाणी!
उपाय एका ओळीचा. शेवटून सुरुवात करायची, म्हणजे सरकतील ती तपासून झालेलीच. मोजणी शून्यापासून, म्हणून दहा नावं असतील तर नऊपासून उलटं यायचं, शून्यापर्यंत. एकवर थांबलं तर पहिलं नाव राहतं.
ओळ लिहिली. दिली नाही.

९ फेब्रु., सोम.
सर: "तुझा प्रोग्राम उद्या बाकीच्या बॅचना लावतोय. बरोबर आहे ना?" हो म्हटलं.
गप्प बसले तर माझ्यासारखे आणखी काही सुटतील, बिचारे. पण प.च्या अगदी अगोदरचं नाव नापास असतं तर ती सुटली असती. कुणाचा शेजारी कोण, यावर नोकऱ्या? भीती वाटते.

१० फेब्रु., मंगळ., दुपारी, कँटीन
दिला. नवा. चूक सांगितली. सरांनी कोऱ्या कागदावर पाच नावं मांडून बघितली. मग: "म्हणजे तुमच्या बॅचमध्येही कुणीतरी सुटलं असणार. कोण ग?"
"बघितलं नाही, सर."
एवढं कबूल करून हे खोटं का बोलले, कळत नाही.
"बरं. जेवून दोनला ये. तुमची यादी पुन्हा चालवू, तुझ्यासमोरच."
डबा उघडलेला नाही. दोनला पाच कमी.