वाचनतासाला किती मतं

१ सप्टेंबर, सोमवार
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. शाळेच्या ग्रंथालयात मी सातवीला पुस्तकं वाचून दाखवते, तो वाचनतास संगणकाच्या सरांना हवाय. बाई म्हणाल्या, भांडू नका, सातवीच्या मुलांनाच ऑनलाइन विचारू. त्यासाठी तीन साधनं आहेत, कुठलं बरं ते ताई तुम्हीच तपासा. तपासणार मी, म्हणजे तास वाचलाच! आनंदात दोन जिने एका दमात चढले. तिसऱ्यावर बसले.

२ सप्टेंबर
साधन पहिलं: शब्दांचा ढग. मुलं टॅबवर एकेक शब्द लिहितात. जो जास्त जण लिहितील तो पडद्यावर मोठा होतो. विचारलं, वाचनतास म्हटलं की काय आठवतं? पडदाभर ‘झोप’. कोपऱ्यात बारीक ‘पंखा’. माझ्या आवाजात किती शांतता आहे! पण ढगातून नेमकं मत कळत नाही. बाद.

४ सप्टेंबर
साधन दुसरं: घड्याळवालं. प्रश्न, चार पर्याय, वीस सेकंद, वर धडाधड संगीत. चौतीसच्या चौतीस मुलं बाकांवर उभी! शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धावत आले, म्हणाले, अहो ताई, आग लागली का? ग्रंथालयात एवढा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. फक्त उत्तरं प्रश्न वाचायच्या आधीच येत होती. ‘बटाटा’ नावाचं कुणीतरी पहिलं आलं. बक्षीस म्हणून पुस्तक काढलं, तर घ्यायला कुणी पुढे येईना. लाजरं असेल. हेही बाद.

५ सप्टेंबर
साधन तिसरं: फॉर्म. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं पुस्तकांनी शिकवलं. त्यामुळे विचारायला बसले की हात आवरत नाही. चाळीस प्रश्न काढले. संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं, अकराव्या प्रश्नाखाली: ‘अजून किती आहेत?’ जिज्ञासू मूल. लेक फोनवर म्हणाली, आई, एकच प्रश्न ठेव गं, आणि नावं विचारू नकोस. पटलं. नाव नसलं की कौतुक करायला मुलं लाजणार नाहीत.

८ सप्टेंबर
अहवाल दिला. फॉर्म सर्वोत्तम: एक प्रश्न, नाव गुप्त, एका यंत्रावरून एकच मत. उद्या मतदान. निकालानंतरचं भाषण पाठ केलं. त्यात संगणकाच्या सरांबद्दल एक गोड वाक्य घातलंय. हरलेल्या माणसाला टोचून बोलू नये.

९ सप्टेंबर, सकाळी ७
लिंक चालते का बघायला माझ्या फोनवरून मत दिलं. जुन्या फोनवर चालते का, तेही बघायला हवं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, फोन मी अजून रोज चार्ज करते. त्यावरूनही दिलं. दोन्हीकडे ‘वाचन’. तपासणीत काहीतरी निवडावंच लागतं.

दुपारी
संगणक चौतीस. वाचन दोन.
बाई म्हणाल्या, मुलं चौतीस, मग मतं छत्तीस कशी? मी म्हणाले, साधन उत्तम आहे, एकही मत वाया जाऊ देत नाही. संगणकाच्या सरांना माझी दया आली असावी. म्हणाले, दोघं का होईना वाचणारे आहेत, त्यांच्यासाठी शनिवारची मधली सुट्टी ठेवा. बाई हो म्हणाल्या! भाषण केलं नाही. गोड वाक्य तेवढं सरांना सांगितलं.

१३ सप्टेंबर, शनिवार
मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडलं. दोन्ही मतदार वेळेवर हजर: खुर्चीत मी, टेबलावर ह्यांचा फोन. मोठ्याने सहा पानं वाचली. घरी मी वाचून दाखवायचे तेव्हा हे तिसऱ्या पानावर घोरायला लागायचे. आज सहाही पानं विनाव्यत्यय झाली.