वन्सं, आपण भलत्याच गुलाबाला पाणी घातलं

वन्संना वहिनीचा नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून लहान, पण मानाने मोठ्या, म्हणून इतकी वर्षं वाकते आहे मीच. हा हिशेब कुणी काढला तो माणूस मला सापडला नाही, नाहीतर एकदा बोलले असते.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डाव्याबद्दल दीड पान होतं आणि उजव्याबद्दल एक ओळ, तेव्हा उजवा बरा आहे असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल. मला दिसतं कमी, पण जे बघायला नको ते अजून स्वच्छ दिसतं. अक्षर मोठं काढलंय ते तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे काना-मात्रा जिथे पडल्या तिथे पडल्या, तुम्ही त्या उचलत बसू नका.

आता मुद्दा. आधी खाली बसा. फाटकापाशी तुमच्या दादांनी लावलेला गुलाब मेला. आत्ता नव्हे, तो मेला केव्हाच, आम्हाला कळलं गेल्या आठवड्यात. मधली सगळी वर्षं आम्ही सहकुटुंब दुसऱ्याच झाडाला पाणी घालत होतो. तुम्हीसुद्धा. मागच्या खेपेला आलात तेव्हा, फुलांचे दिवस नसताना, त्याला धरून रडलात, बोटात काटा घुसला, आणि दोन दिवस पट्टी बांधून सगळ्यांना दाखवत फिरलात. तो काटासुद्धा आपल्या घरचा नव्हता.

तो गुलाब आला कसा ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते दरवेळी चुकीचं सांगता म्हणून पुन्हा लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान होतं. खिडकीखाली मशीन, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात पोतं टाकून त्यावर तुम्ही काज करत बसलेल्या. (पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ, आणि म्हणालात, वहिनी, दार लावून घ्या, चिंध्या उडतात. मी काही विसरलेले नाही.) त्या सुमाराला शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट यांच्याकडे शिवायला आला होता. कोट एक, पण माप घ्यायला हे पुन्हा पुन्हा जायचे. मी म्हटलं, बाईंचा हात रोज लांब होतो का? तेव्हा कळलं की बाईंच्या अंगणात एक गुलाब आहे आणि यांचं सगळं लक्ष त्याच्यावर. (फक्त त्याच्यावरच होतं का, याची मला अजूनही खात्री नाही. पण बाई गेल्या, हेही गेले, आता भांडू कुणाशी.)

शेवटी एक पाकळी खिशात घालून आणली आणि रिळांचा डबा टेबलावर उपडा केला. आठवतंय ना? तुम्ही एकेक रीळ हातात देत होतात आणि हे ते दारातल्या उजेडात पाकळीशेजारी धरत होते, कारण दिव्याखाली रंग खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं होतं. लाल झाला, तांबडा झाला, विटकरी झाला, डाळिंबी झाला. एकही जुळेना. ज्याचं रीळ निघत नाही असा रंग जगात असतो हे त्यांना नवीन होतं. जेवायला बसले ते ताटाकडे न बघता. तुम्ही आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो. पुढे फारसा योग आला नाही तो भाग वेगळा.

मग कोट पोचवताना बाईंकडून त्या गुलाबाचा एक डोळा मागून आणला, म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो तेवढाच टिचभर तुकडा. फाटकापाशी एक जंगली गुलाब आपोआप उगवला होता. त्याच्या सालीला चीर दिली, डोळा आत बसवला, वरून गुंडी लावायच्या दोऱ्याने गुंडाळला. अगदी खिसा लावावा तसा. लागला, फुटला, आणि यांनी वरचं जंगली झाड छाटून टाकलं. नव्या फांदीला दुकानाच्या नावाची नायलॉनची पट्टी बांधली, कॉलरमागे शिवतात तीच, पोरांच्या गणवेशात ठेवतात तशी वाढीची जागा सोडून. म्हणाले, आपण शिवलेला माल आहे, ओळखू यायला हवा. तिथून पुढे दरवर्षी खडूने फांद्यांवर खुणा करायच्या, जुनी कात्री घ्यायची (नवीला मी कागद लावला तरी घर डोक्यावर घ्यायचे) आणि उरेब छेद द्यायचा, तिरकं कापड कापतात तसा, म्हणजे छेदावर पाणी साचत नाही. सांध्याच्या खालून जंगली फुटवे आले की मात्र मुळापासून ओढून काढायचे. खालचा हा घरमालक आहे म्हणायचे, वरचा आपला भाडेकरू. जरा दुर्लक्ष केलं की सामान रस्त्यावर फेकेल.

हे गेले आणि तुमच्या भाच्याने हुकूम काढला की बाबांच्या गुलाबाला कुणी कात्री लावायची नाही. मला वाटलं, दुःख ताजं आहे, निवळेल. ते निवळलं नाही, त्याचा कायदा झाला. फुटवे खालून तरारून वर आले तर म्हणे, बघ आई, बाबांचा गुलाब कसा फोफावलाय. पुढे फुलं यायला लागली ती बारीक, पांढरट, घोसाघोसाने, वर्षातून एकदा. तर म्हणे वयोमानाने रंग उतरला. मीही मानलं. माझे केस पांढरे झाले तेव्हा मी काही दुसरी बाई झाले नव्हते. वास येईना, तर डॉक्टर म्हणाला, आजी, या वयात नाक जातं. (नाक शाबूत आहे. सूनबाईचं दूध करपतं ते तिच्या आधी मला कळतं.) अशा रीतीने एकेकाने एकेक कारण शोधून ठेवलं आणि त्या झाडापुढे आलागेला माणूस उभा करून आम्ही त्याला यांची गोष्ट सांगत राहिलो.

यंदा सूनबाईने बाग मनावर घेतली. गुलाब निवडणं हे तुमच्या दादांच्या लेखी कापड निवडण्यासारखं. आधी उजेडात धरायचं, मग दोन बोटांत चोळून बघायचं, वास अगदी शेवटी, कारण वास आला की माणूस बाकीचं काही बघत नाही. सूनबाईने गुलाब निवडले फोनवर, पलंगावर लोळून. नर्सरीत मला नेलं ते पिशव्या धरायला. तिथे फुलं कोबीच्या गड्ड्याएवढी, ओझ्याने माना टाकलेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात कुठल्यातरी राणीच्या नाहीतर राजकन्येच्या नावाची पाटी. मी एका टोकापासून हुंगत निघाले. एकालाही वास नाही. शेवटच्याला आला असं वाटलं, तो माझ्या रुमालाचा निघाला. नर्सरीवाला म्हणाला, 'आजी, वासाचे कोण घेतं आता? लोकांना टिकाऊ माल लागतो.' मी म्हटलं, 'टिकाऊच हवा तर दगड विका.' 'विकतो की,' म्हणाला, 'मागच्या बाजूला पांढरे गोटे आहेत, पोत्याने देतो.' सूनबाईने तेही घेतले.

जाता जाता मी त्याला आपला रंग सांगून पाहिला. विटेपेक्षा ओला, डाळिंबापेक्षा शांत, संध्याकाळी जरा काळपट. तो म्हणाला, फोटो आणा. फोटो आहे घरात. हे फाटकाला टेकून उभे आहेत, गुलाब खांद्याशी आलेला, मागे खिडकीत तुमची अर्धी वेणी. पण काळ्यापांढऱ्या जमान्यातला. हे राखाडी, गुलाब राखाडी, आणि वेणी तेवढी अस्सल काळी. तो त्याला दाखवून उपयोग काय. (नवीन रोपांचं विचाराल तर एक पाणी जास्त झालं म्हणून गेलं आणि एक कमी झालं म्हणून. दोघांना सूनबाई एकाच झारीने घालत होती.)

आता गोटे आलेच होते. सूनबाई म्हणाली, बाबांच्या गुलाबाभोवती मांडू, छान दिसेल. मग भोवतीची माती उकरायला हवी. उकरायला बसले मी, कारण तिने नखं नुकतीच रंगवली होती. हातभर पालापाचोळा काढला, जुनी माती काढली, आणि बोटाला ती पट्टी लागली. मळलेली, पण अक्षरं दिसत होती. यांचा टाका होता, सुटणार कसा. ती होती एका सुक्या, पोकळ, बोटभर खुंटावर. वरचं सगळं हिरवं रान फुटलं होतं ते सांध्याच्या खालून. मी खुंट जरा हलवला तर हातात आला. मी तिथेच बसून राहिले. (दुःखाने नव्हे. उठता येईना.)

तुमच्या भाच्याला बोलावलं. त्याने खुंट हातात घेतला, पट्टी वाचली, झाडाकडे बघितलं. हुशार आहे तो, समजायला वेळ लागला नाही. म्हणाला, 'पण आई, मी तर कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.' मी म्हटलं, 'म्हणूनच.' मागून वाटलं, जरा कमी बोलायला हवं होतं. पण बोलले होते एकच शब्द, त्यात आणखी कमी काय करणार. तेव्हापासून तो मागच्या दाराने येतो-जातो. केस पिकलेला गृहस्थ, ऑफिसात चार माणसं हाताखाली, आणि फाटकाला तोंड दाखवत नाही. परवा सकाळी न्हाणीघरात नळ नुसताच चालू होता, बराच वेळ. मी पाण्याच्या नासाडीबद्दल ओरडले नाही, यावरून काय ते समजा. ते जंगली झाड मी उपटून मागच्या कुंपणाला लावलंय. त्या बिचाऱ्याने काही आपण गुलाब आहोत असा दावा केला नव्हता.

आता तुमच्या फांदीबद्दल. तुम्ही लग्न होऊन निघालात तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी नेलीत, मला न विचारता. मी त्याला चोरी म्हटलं आणि पुढे भेटेल त्याला तेच सांगितलं. (शब्द मागे घेत नाही. चोरी वेळेवर केलीत एवढं म्हणेन.) तुमची फांदी थेट मातीत लावलेली, तिला मुळं तिचीच. बाईंच्या अंगणात तर केव्हाच इमारत उभी राहिली. आता तो रंग जगात असेल तर तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या ड्रममध्ये आहे, आणखी कुठे नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही लिहायचात, माझा गुलाब यंदाही भरभरून फुलला, आणि मी तेवढंच वाक्य घरात वाचून दाखवत नसे. मागच्या पत्रात ते वाक्य नव्हतं. त्याच्या जागी होतं, मुलगा गॅलरी बंद करून खोली वाढवणार आहे, ड्रम ठेवायला जागा राहणार नाही, असो. तुमचं 'असो' मला माहीत आहे. काज बिघडलं की तुम्ही तेच म्हणायचात आणि मग दिवसभर बोलायचा नाहीत.

बाकी इकडचं ठीक. हात दुखायला लागला. मुलाला, सुनेला आशीर्वाद, आणि गॅलरी बंद करणाऱ्या गवंड्याला काय द्यायचं ते तुम्हीच द्या.

तुमची वहिनी

ता. क. एक फांदी पाठवावी. फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड, उरेब कापून, ओल्या फडक्यात. मी मागते आहे असं समजू नका. घरचीच वस्तू घरी येते आहे. तुमच्या भाच्याने समोरच्या दाराने यावं-जावं एवढंच मला हवं आहे.

ता. क. वरचं खोडलंय असं समजा. एक फांदी लागेल न लागेल, आणि इकडे तुमचा गवंडी काही थांबणार नाही. अख्खा ड्रमच पाठवा. टेम्पो घेऊन तुमचा भाचा येईल. मी त्याला अजून सांगितलं नाही, पण तो येईल. फाटकापाशी खड्डा तयार आहे. छाटणी मी करणार, यात कुणी मध्ये बोलायचं नाही.

ता. क. ड्रम एकटा पाठवू नये, वाटेत धरायला माणूस लागतं. शिवाय एवढं जुनं झाड नव्या जागी कुढतं, त्याच्याजवळ सवयीचं कुणीतरी हवं, आणि किती दिवस हवं ते झाडाचं झाडालाच माहीत. तेव्हा परतीचं तिकीट काढू नका. पुढची खोली रिकामी केली आहे, मशीन हलवून खिडकीखाली पलंग टाकलाय, एकही पायरी चढावी लागत नाही. घरी कुणी विचारलं तर सांगा, गुलाबासाठी चालले आहे. मीही इथे सगळ्यांना तेच सांगितलंय.