वहीतला दोनचा आकडा

३ मार्च
पोचले एकदाची! रेवीने रस्ता संपतो तिथे ट्रकमधून उतरवलं. माझी पाठपिशवी उचलून बघत म्हणाला, पक्षी मोजायला चाललीस का संसार मांडायला? तेरा तारखेला तो न्यायला येईल. जाताना एकच गोष्ट दोनदा सांगितली: केबिनमधल्या वहीत नाव, माणसं किती आणि पुढे कुठे जाणार ते नीट लिही; कोणी हरवलं तर त्या वहीवरूनच शोधायला निघतात.

रस्त्यापासून केबिनपर्यंत दहा खांब. प्रत्येकापाशी पाच मिनिटं न हलता उभं राहायचं, दिसले-ऐकले ते पक्षी मोजायचे. बीच झाडांच्या खोडांवर काळी बुरशी, तिच्यावर मधाचे थेंब, त्यांना लागलेल्या गांधीलमाश्या. बेलबर्ड एकूण तेवीस. सातव्या खांबापाशी एक रॉबिन सरळ येऊन माझ्या बुटावर बसला. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

चिखलात ताज्या बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे, साधारण माझ्याच मापाचे, वर जाणारे. प्रत्येक खांबापाशी जोडीने उमटलेले, जणू तो माणूसही पाच मिनिटं उभा होता. रेवी तर म्हणाला होता, महिन्याभरात वर कोणी गेलेलं नाही.

केबिन रिकामी. चुलीशेजारी फोडलेलं सरपण रचलेलं. आपल्याकडे निघणारा माणूस पुढच्यासाठी ते ठेवूनच जातो. वहीत मात्र महिन्याभरात एकही नाव नाही.

मी बराच वेळ पेन धरून बसले. उद्या तो माणूस दरीत सापडला आणि मी वहीत लिहिलेलंच नसलं तर? शेवटी लिहिलं: हेस्टर मकॉली. माणसं: २.

४ मार्च
सहा वाजता रेडिओवर हवामान आणि हजेरी. खाली गावात नोलीन नावाच्या बाई बसतात. आवाज चुलीसारखा उबदार. वहीप्रमाणे दोन माणसं सांगितली, तर दोघं ठीक ना, म्हणाल्या. मी ठशांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकारी असेल गं, त्यांना कुठे वळण असतं, भूक लागली की येईल.

रात्री झोप नाही. आईने आम्हा तिघांना शाळेत न घालता स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवलं. निसर्गवहीचा तिचा एकच नियम: पाहिलंस ते लिही, वाटलं ते लिहू नकोस. मी तर माणूस पाहिलाच नव्हता.

आजची नोंद: पहिल्या खांबापाशी पक्षी शून्य. बाकी ठीक.

५ मार्च
एक, दोन, तीन: शून्य. वारा नाही, पाऊस नाही, ऊन छान. गांधीलमाश्याही नाहीत.
सातव्यावर रॉबिन आला. त्याच्याशी मोठ्याने बोलले. दिवसभरात दुसरं कोणाशी बोलणार?
परतले तर सरपण फोडून रचलेलं. सकाळी मी अर्धं जाळलं होतं.

६ मार्च
पाचव्यापर्यंत शून्य.
वहीतला दोनचा एक करावा म्हणून पेन हातात घेतलं. पण शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, हाही आईचाच नियम. आणि खरंच कोणी असलं तर? सरपण तर कोणीतरी फोडतंय.
तसंच ठेवलं.

७ मार्च
नोलीनबाई आज हसत होत्या. म्हणाल्या, दुसरी गोड आहे हं तुझी, दुपारी बोलली माझ्याशी. तू जेवत नाहीस अशी तक्रार करत होती.
दुपारी मी चौथ्या खांबापाशी होते.
मी विचारलं, दुसरी म्हणजे बाई? त्या म्हणाल्या, अगं, आवाज तर थेट तुझ्यासारखा, मला वाटलं बहीणच.

८ मार्च
आठव्यापर्यंत शून्य. रॉबिन आला नाही.
सामान तिथेच टाकून रस्त्याकडे निघाले. सहाव्यापाशी वाटेच्या मधोमध दोन ठसे. टाचा रस्त्याकडे, चवडे माझ्याकडे. मी बघत असताना त्यांत पाणी भरत होतं.
मागे फिरले. पळाले नाही. पळाले असं लिहिणं खरं नाही — चालले, खूप भरभर.

९ मार्च
नवव्यापाशी शून्य.
सहा वाजता रेडिओ लावला आणि म्हटलं, मी इथे एकटीच आहे, पहिल्यापासून एकटीच होते, रेवीला आजच पाठवा.
नोलीनबाई म्हणाल्या, "हो बाळ, आता तू एकटीच. हेस्टर खाली गेली ना."
मी म्हटलं, मीच हेस्टर.
"तिने सांगितलं होतं तू असं म्हणशील म्हणून. घाबरू नको. रेवी तिला सकाळी रस्त्यावरून घेईल, आईकडे सोडेल."
मी ओरडले. त्या हॅलो, हॅलो म्हणत राहिल्या. मग बंद.

वही उघडली. दोनवर रेघ. शेजारी एक. माझ्या नावापुढे: निघाले, रस्त्याकडे, घरी. वळणदार अक्षर, आईने घोटून घेतलेलं. माझंच.
उरलेल्या एकापुढे नाव नाही.

१० मार्च
उजाडताच उतरले, रेवीला गाठायला. खालून बेलबर्ड ऐकू येत होते. कितीतरी. मी पहिल्याशी पोचले आणि थांबले. ते थांबले.
मागे सातव्यावर सुरू झाले.
म्हणजे पक्षी गप्प होतात ते जागेमुळे नाही. मी —
ट्रक गेला होता. चाकांचे ओले माग होते. रस्त्याच्या कडेला उभी राहून हाका मारल्या. मग खाली पाहिलं. एवढ्या चिखलात माझं एकही पाऊल —

आई तिला टेबलाशी बसवेल. ताट वाढेल. ओळखेल ना ती? ओळखेल. अक्षर बघेल आणि — अक्षर तर —

संध्याकाळ
वर आले. सरपण फोडून ठेवलं, पुढच्यासाठी.
वहीत नाव लिहून पाहिलं. शाई उमटत नाही. इथे, माझ्या रोजनिशीत, अजून उमटते.
शोधायला कोणी निघणार नाही. वहीत मी घरी पोचले आहे.
पाहिलं तेवढंच लिहिते.
दहावा खांब. पाच मिनिटं. ऊन. वारा नाही.
बेलबर्ड ०.
रॉबिन ०.
माणसं —