शेवटी ठेवलेला हात

प्रिय खारूताई,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. लिहायची सवय राहिली नाही, चुका तूच सुधारून वाच. फोनच केला असता, पण तो बाबांच्या उशाशी असतो आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. तुझा तो कामाचा तक्ता बदल, एवढंच सांगायचंय. पण तू एका वाक्यात ऐकणाऱ्यातली नाहीस, म्हणून हे सगळं पुराण.

मागे आलीस तेव्हा तक्ता मांडीवर पसरून मला समजावत होतीस. शेवटच्या वर्षाचं काम, माणसांचे नुसते हात, प्लास्टरचे. कुणाचा कधी करायचा, घासायचा कधी, प्रदर्शनात मांडायचा कधी. आधी आई, मग न्हावी, मग बेकरीवाला, आणि पार तळाला लाल चौकटीत बाबा. मी विचारलं, ते शेवटी का गं? तर म्हणालीस, तोवर माझा हात बसेल, बाबांचा चुकून चालणार नाही. म्हणजे माझा चुकला तरी चालेल! आणि चुकलाच. त्या गार लगद्यात हात घालून हलू नकोस म्हणालीस, दुसऱ्या हातात बादली दिलीस, आणि नेमकी माझ्या नाकाला खाज सुटली. करंगळी वाकडी आली. तशीच मांडणार म्हणतेस, मांड बापडे.

तुझी ही खोड लहानपणापासूनची. ताटातलं आवडीचं काठाला सरकवून ठेवायचीस, शेवटी खाईन म्हणून. दादा ते अलगद पळवायचा, मग तुझं भोकाड. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खारूताई हे नाव बाबांनी उगाच नाही ठेवलं. मी मात्र तेव्हाच म्हणायचे, अगं, आधी खा ना!

इकडची खबर म्हणशील तर लॉन्ड्रीत नेहमीसारखंच, वाफ आणि कटकट. शेजारच्या काकूंचं स्टूल अजून तीन पायांवर पडलंय. चौथा पाय बाबांनी तासायला घेतला नि ठेवून दिला. चहा डाव्या हाताने पितात, शर्टावर सांडतात आणि वर म्हणतात, कपच निसरडा आहे. ते डाग मी काढते. तुझा फोन आला की मात्र आवाज खणखणीत. मजेत आहे गं, तू तुझं काम निवांत कर! फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसतात. मला शपथ घातलीय, पोरीचं शेवटचं वर्ष आहे, मध्ये खोडा घालू नकोस. गेली ती शपथ चुलीत.

ऐक आता. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आहे. रंधा मारून मारून घट्टा पडलाय, असं आम्ही धरून चाललो. तो घट्टा नाही. अंगठा आणि तळव्याचा थोडा भाग काढावा लागेल, नाहीतर वर चढेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मंगळवारी ऑपरेशन आहे. मी त्यांना विचारलं, लगद्यात हात बुडवला तर चालेल का? वेड लागल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बुडवा, फक्त दाबू नका. तेव्हा शनिवारी ये. प्लास्टर आण, बादली आहे. त्यांना सांग की सरांनी क्रम बदलायला लावला. खोटं नीट बोल, आणि रडायचं असेल तर माझ्याकडे लॉन्ड्रीत येऊन रड, तिथल्या वाफेत कुणाला कळत नाही. तुझा हात अजून बसला नसेल, तर नसू दे. वाकडा आला तरी चालेल गं, पण अख्खा हवा.

तुझीच,
वाकड्या करंगळीची आई